मॅग्नम काडतुसं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या लोकांकडून येतात. पलटणीतून पेन्शनवर आलेले, परदेशात नोकरीला गेलेली आपली पोरं, आणि मोबाईलवर हजार यार्डांचे व्हिडिओ बघून रात्री उशिरा मेसेज टाकणारे. आकडे कारखान्यात तयार झालेल्या सर्वसाधारण काडतुसांचे आहेत. नळीची लांबी आणि दारूचा लॉट बदलला की ते थोडे इकडेतिकडे होतात.

मॅग्नम म्हणजे नेमकं काय?

ठरलेली व्याख्या नाही. त्याच जाडीच्या गोळीमागे नेहमीपेक्षा जास्त दारू भरायला मोठी पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) दिली, की कंपनी मॅग्नम म्हणते. पॉइंट टू-टूचंही मॅग्नम आहे, पण ते सशापुढे जात नाही. उलट हॉर्नडी कंपनीचं ६.५ पीआरसी सगळ्या अर्थांनी मॅग्नम असून त्याच्या नावात तो शब्दच नाही. नावावर जाऊ नका.

बुडाशी जो पट्टा असतो तो ताकदीसाठी का?

नाही. हा गैरसमज इतका रुजलाय की पट्टा नसलेलं काडतूस दाखवलं तर जुने लोक त्याला मॅग्नम मानायलाच तयार होत नाहीत.

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये .३७५ (आकडा म्हणजे गोळीची जाडी, इंचांत) काढलं. त्याची पुंगळी निमुळती आणि खांदा, म्हणजे पुंगळी गोळीकडे अरुंद होते तो उतार, फार उतरता ठेवला होता, म्हणजे आफ्रिकेच्या आणि आपल्या उन्हातही काडतूस चेंबरमध्ये सुळकन जावं आणि बार झाल्यावर तसंच सुटावं. पण उतरत्या खांद्यावर काडतूस नीट टेकत नाही, म्हणून बुडाशी पट्टा देऊन त्यावर टेकवलं. १९२५ मध्ये त्याचाच .३०० आला. १९३५ मध्ये बेन कम्फर्टने अमेरिकेत हजार यार्डांचा विम्बल्डन कप .३०० हॉलंडनेच जिंकला आणि तिथल्या नेमबाजांचे डोळे या जातीकडे वळले.

पुढे विंचेस्टर, रेमिंग्टन यांनी खांदा चांगला उभा केला. पट्ट्याची गरज संपली होती, तरी तो ठेवला, कारण गिऱ्हाईकाला तो दिसायला हवा होता. .३३८ लापुआ, ६.५ पीआरसी, .३०० पीआरसी या नव्या काडतुसांत पट्टा नाही.

.३०-०६ पेक्षा .३०० विन मॅग किती पुढे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

.३०-०६ हे १९०६ चं, .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजेच विन मॅग, १९६३ चं. दोन्हीत गोळी तीच, .३०८ इंच जाडीची. १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी .३०-०६ मधून सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास सुटते, विन मॅगमधून ९०० च्या आसपास. नळीच्या तोंडाशी ऊर्जा अनुक्रमे साधारण ३,९५० आणि ४,७५० ज्यूल. पुंगळीत जागा तिसऱ्या हिश्शाने वाढली, वेग मात्र दहा टक्क्यांनी. दारू वाढवत गेलं की पुढचा प्रत्येक मीटर महाग पडतो, हे गणित कुठल्याच मॅग्नमला चुकलेलं नाही.

आता ते मैदानात कसं दिसतं ते बघा. दोन्ही रायफली २०० यार्डांना झिरो केल्या, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमकी नेमावर लागेल अशा लावल्या. ५०० यार्डांवर .३०-०६ ची गोळी चार फुटांच्या थोडी आत खाली येते, विन मॅगची सव्वातीन फुटांच्या आसपास. फरक वीतभर. एवढ्यासाठी जास्तीचा दणका, जास्तीचा आवाज, लवकर झिजणारी नळी आणि महाग काडतूस. बरं, अंतराचा अंदाज तीस यार्डांनी चुकला की ती वीत तिथेच गेली. लेझरने अंतर मोजणारं यंत्र हाती आल्यापासून गोळी किती खाली येते हा प्रश्नच उरलेला नाही. दुर्बिणीचा टरेट (नेम वरखाली करायचं बटण) फिरवला की झालं.

फरक खरा जाणवतो तो सहाशे-सातशे यार्डांच्या पुढे. .३०८ विंचेस्टर या साध्या काडतुसाची नेहमीची १६८ ग्रेनची गोळी हजार यार्डांच्या आसपास आवाजाच्या वेगाखाली यायला लागते आणि त्या टप्प्यात तिचा तोल बिघडतो. चांगल्या लांबट गोळीचं विन मॅग त्यापुढे तीन-चारशे यार्ड शिस्तीत जातं. तुमचं काम तेवढ्या अंतरावर असेल तर मॅग्नम घ्या. पाचशेच्या आत असेल तर .३०-०६ किंवा .३०८ ला नावं ठेवायला जागा नाही.

७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम बरं की .३०० विन मॅग?

७ एमएम १९६२ मध्ये रेमिंग्टनच्या ७०० रायफलीबरोबर आलं आणि विंचेस्टरच्या .२६४ मॅग्नमचा धंदा बसवला. १६० ग्रेनची गोळी ८९५ मीटरने, ऊर्जा ४,१५० ज्यूलच्या आसपास, दणका .३०-०६ पेक्षा किंचितच जास्त. सात मिलिमीटरच्या गोळ्या जाडीच्या मानाने लांब असतात, त्यामुळे हवा कापतात चांगल्या.

हरणाच्या आकाराच्या जनावरासाठी आणि खांद्याच्या सुखासाठी ७ एमएम. एल्क, मूस असं भारी जनावर असेल किंवा दोनशे ग्रेनच्या वरची गोळी हवी असेल तर .३००. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने ७ एमएम घ्यावं.

नवीन पीआरसी आणि नॉसलर कंपनीची काडतुसं कशासाठी? जुन्यांत काय कमी होतं?

कमी होती ती लांब गोळ्यांसाठी जागा. .३०० विन मॅगच्या पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारा भाग, गोळीच्या जाडीपेक्षाही आखूड आहे: मान ६.७ मिलिमीटर, गोळी ७.८. भरलेल्या काडतुसाची लांबीही ८४.८ मिलिमीटरवर बांधलेली. आजच्या लांबलचक गोळ्या त्यात बसवल्या की निम्म्या दारूत बुडतात. हॉर्नडीने २०१८ मध्ये .३०० पीआरसी आणि २०२२ मध्ये ७ एमएम पीआरसी काढताना हेच सुधारलं. मान लांब, चेंबर घट्ट, आणि नळीतल्या खाचांना पीळ जास्त. विन मॅगच्या नळीत दहा इंचाला एक वेढा असतो, ७ पीआरसीमध्ये आठ इंचाला एक. लांब गोळीला सरळ ठेवायला तेवढा पीळ लागतो.

म्हणजे वेगात क्रांती वगैरे काही झालेली नाही, गोळीला धरून घर बांधलं एवढंच. पण ते छान बांधलंय.

वाऱ्यात कुठलं काडतूस कमी सरकतं?

इथे बहुतेकांची गफलत होते. वाऱ्यात काडतूस सरकत नाही, गोळी सरकते. हवा कापण्याचा तिचा जो गुणांक असतो, त्यालाच नेमबाज बीसी म्हणतात, तो बघा. तो जितका जास्त तितकी गोळी कमी सरकते. विन मॅगची साधी १८० ग्रेनची शिकारी गोळी .४८ च्या आसपास असते. ६.५ क्रीडमूर हे २००७ चं छोटं, अजिबात मॅग्नम नसलेलं काडतूस. त्याची १४० ग्रेनची स्पर्धेची गोळी .६५ च्या जवळ जाते. हजार यार्डांवर आडव्या वाऱ्यात ही छोटी गोळी त्या मोठ्या मॅग्नमच्या साध्या गोळीपेक्षा कमी ढकलली जाते! दणका जवळपास निम्मा. हे ऐकून आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी चष्मा काढून आकडे परत वाचले होते.

त्याच मॅग्नममध्ये २१२ किंवा २२५ ग्रेनची लांब गोळी आणि योग्य पिळाची नळी आली की चित्र पालटतं. .३०० पीआरसीची २२५ ग्रेनची गोळी .७७ च्या पुढे आहे. तिथे क्रीडमूर मागे पडतं. म्हणून दोन काडतुसांची तुलना करताना आधी विचारा, कुठली गोळी?

आणि वारा वाचता येत नसेल तर हे सगळं फुकट. तो वाचायला रायफलही लागत नाही. उसाला तुरे आले की बांधावर उभे राहा. जवळचे तुरे एका अंगाला झुकलेले असतात, दोनशे मीटरवरचे सरळ उभे, आणि त्यापलीकडे पांदीतली धूळ उलट दिशेला चाललेली. गोळीला हे तिन्ही वारे एकामागून एक लागतात. नळीजवळच्या वाऱ्याला जास्त मान द्यायचा, कारण तिथे मिळालेली ढकल पुढे सगळ्या वाटेवर वाढत जाते. तोंडाने आकडा बोला आणि मग हातातल्या वारामापकाशी ताडून बघा. येळ्ळूरच्या राजहंसगडावर संध्याकाळी गेलात तर तटाच्या आडोशाला आणि उघड्या बाजूला वारा किती वेगळा असतो ते गालालाच कळतं.

बेळगावच्या हवेत गोळी वेगळी जाते म्हणतात, खरंय का?

खरं आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहोत. पणजीच्या मानाने इथली हवा सहा-सात टक्के विरळ. पाचशे यार्डांपर्यंत फरक कळतही नाही. हजारावर मात्र विन मॅगची गोळी इथे फूटभर वर लागू शकते. मोबाईलवरच्या बॅलिस्टिक ॲपमध्ये उंची आणि तापमान भरलं नाही तर ते समुद्रकाठची हवा धरून बसतं.

चोर्ला, आंबोलीच्या धुक्यात गोळी जड होते, दमट हवा तिला अडवते, हे मात्र खोटं. दमट हवा कोरड्यापेक्षा किंचित हलकी असते. धुक्यात अडतो तो तुमचा डोळा.

.३३८ लापुआ मॅग्नम घ्यावं का?

कशासाठी? हे काडतूस फौजेसाठी जन्मलं. .४१६ रिग्बीच्या पुंगळीवरून बेतलेलं, १९८९ मध्ये प्रमाणित झालेलं. २५० ग्रेनची गोळी ९०० मीटरच्या वर, साडेसहा हजार ज्यूलच्या आसपास, दीड हजार यार्डांपर्यंत शिस्तीत. भारतीय सैन्याकडे फिनलंडच्या साकोची टीआरजी-४२ याच काडतुसाची आहे, आणि आपल्याच राज्यात बेंगळुरूच्या एसएसएस डिफेन्सने सेबर नावाची रायफल यासाठी बनवली आहे. अभिमानाची गोष्ट आहे, पण ती साधी शिकारीची रायफल नव्हे. असल्या रायफली दुर्बिणीसकट सहा-सात किलोंच्या असतात. डोंगर चढून बघा.

दणका किती? मी काटक आहे, चालेल का?

साधारण पावणेचार किलोच्या रायफलीत .३०-०६ चा दणका २७ ज्यूलच्या आसपास धरा, ७ एमएमचा २८, विन मॅगचा ३५ च्या घरात. .३७५ जराशा जड रायफलीतही ५० पर्यंत जातं. काटकपणाचा इथे संबंध नाही. तालमीतले पैलवानही डोळे मिटतात. बार व्हायच्या आधीच खांदा आखडतो, घोडा ओढण्याऐवजी हिसडला जातो आणि गोळी खाली-डावीकडे. मित्राला सांगून अधूनमधून नकली काडतूस भरायला लावा. बार न होताही नळी हलली तर रोग कळला.

नळीच्या तोंडाला ब्रेक (बाराचा वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावला की दणका बराच उतरतो, पण आवाज मागे येतो. कानाला संरक्षण न घेता मॅग्नमचा एकही बार काढू नये. गेलेला कान परत येत नाही.

नळी किती टिकते?

स्पर्धेची अचूकता हवी असेल तर .३०८ ची नळी ढोबळमानाने चार-पाच हजार बार, विन मॅगची दीड-दोन हजार, आणि २६ नॉसलरसारखं अति दारूचं काडतूस हजाराच्या आतच नळीचा घसा, म्हणजे गोळी शिरते तो भाग, खातं. बारीक भोकातून जास्त आग काढली की असंच होणार. लागोपाठ बार काढून नळी हाताला चटका देईल इतकी तापवू नका.

आमच्या उसात रानडुकरं घुसतात. त्यासाठी .३०० चालेल?

नाही, आणि कारणं दोन आहेत.

पहिलं कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका करणाऱ्या अशा जनावराबाबत कलम ११ खाली वन खात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात नसताना घोडा ओढला तर बंदुकीचा परवाना असूनही तुम्ही आरोपी. गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचं नावही काढू नका. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य लागूनच असल्याने वन खात्याचं लक्षही असतं. नुकसानीचा अर्ज करा. वेळ लागतो, पण तीच वाट आहे.

दुसरं कारण अंतराचं. मॅग्नमची गोळी वर झुकवून सुटली तर चार-पाच किलोमीटर जाऊ शकते. आपल्याकडे एवढ्या अंतरात दोन गावं, एक शाळा आणि रस्त्यावरचा ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो. रात्री, बॅटरीच्या उजेडात, सपाट रानात, मागे मातीचा आडोसा नसताना ही गोळी सोडायची? पीक राखायचा परवाना असलेल्या जुन्या घरांतही भिंतीवर बारा बोअर किंवा ठासणीची बंदूकच दिसते, ते उगीच नाही. छर्रा लवकर दम टाकतो.

भाऊ परदेशात असतो, तिथे कायदेशीर शिकार आहे. त्याने काय घ्यावं?

अमेरिकेत व्हाइटटेल हरणासाठी मॅग्नम लागतच नाही. .३०८, .३०-०६ किंवा क्रीडमूर पुरे. डोंगरात एल्कसाठी ७ एमएम किंवा .३००.

आफ्रिकेत आधी कायदा वाचायचा. नामिबियात नळीच्या तोंडाची किमान ऊर्जा ठरवून दिली आहे: स्प्रिंगबॉकसारख्या छोट्यांना १,३५० ज्यूल, कुडू, ओरिक्स यांना २,७००, रानरेडा आणि हत्तीला ५,४००. आता वरचे आकडे आठवा. .३०० विन मॅग ४,७५० वर थांबतं, म्हणजे रानरेड्याला नापास. १९१२ चं .३७५ हॉलंड ३०० ग्रेनच्या गोळीने ५,८०० च्या जवळ जातं आणि पास होतं. बऱ्याच आफ्रिकी देशांत धोकादायक जनावरासाठी .३७५ हीच खालची मर्यादा धरतात. शंभर वर्षं उलटली तरी म्हातारं पहिल्या रांगेत आहे.

मग हजार यार्डांवरून शिकार करतात ती?

पत्र्याच्या निशाणावर करा, जनावरावर नको. विन मॅगची गोळी ५०० यार्ड जायला सहा दशांश सेकंद घेते, हजाराला दीड सेकंद. दीड सेकंदात चरणारं जनावर एक पाऊल पुढे टाकतं आणि काळजाची गोळी पोटात बसते. काडतुसाची ताकद कितीही असो, ते पाऊल तिला थांबवता येत नाही. शिवाय वेग फार उतरला की शिकारी गोळी आत उमलतच नाही, आरपार बारीक भोक पाडून जाते. बहुतेक गोळ्यांना उमलायला सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास वेग लागतो. तुमच्या गोळीचा वेग कुठल्या अंतरावर तिथे येतो ते काढा. तीच तुमची शेवटची हद्द, आणि वाऱ्यात ती अजून अलीकडे.

जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध .२७५ रिग्बी म्हणजे साधं ७ बाय ५७ माउझर. मॅग्नम नव्हे. ते जवळ जात.

इथे मॅग्नम रायफल मिळते का?

नवी मिळणं जवळजवळ अशक्य. परदेशी बंदुकांची आयात सर्वसामान्यांना १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंदच आहे. वारसाने आलेली .३७५ वगैरे जुन्या घराण्यांत सापडते, किंमत तोंडाला येईल ती, आणि तिची काडतुसं त्याहून दुर्मिळ. सरकारी कारखान्याची नवी म्हणाल तर इशापूरची .३१५ आणि .३०-०६. .३१५ ची गोळी जाड, बोथट आणि संथ. लांब पल्ल्याचं नाव काढू नये, शंभर मीटरला ठीक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात, मुदत पाच वर्षं.

मग सराव कशाचा करू?

पॉइंट टू-टूचा, मान्यताप्राप्त रेंजवर. हसू नका. शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य आणलं, ते याच चिमुकल्या काडतुसावर. ही गोळी इतकी संथ असते की शंभर मीटरवरचा वाराही तिला चांगला हलवतो. मॅग्नमवाल्याला जे सातशे यार्डांवर शिकायला मिळतं, ते टू-टूवाला खूप कमी खर्चात, खांदा न सुजवता शिकतो.

चंदगडला पाहुण्यांच्या लग्नाला बंदूक नेली तर चालते का? हद्द तर जवळच आहे.

परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. तिथे कर्नाटक असेल तर चेकनाक्यापलीकडे तुम्ही विनापरवाना. सोयरीक दोन्हीकडे असली तरी परवान्याला ती माहीत नसते. आणि वरातीत हवेत बार काढायचा विचार असेल तर २०१९ पासून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी वेगळी तरतूद आहे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून हत्यार जमा करायचा निरोप येतो, तोही टाळू नका. जमा केल्याची पावती मात्र मागून घ्या आणि परवान्याच्या झेरॉक्सबरोबर ठेवा.